तोंडावरची गोधडी

काल शाळेत निघाले तर गल्लीच्या कोपऱ्यावर कुणीतरी उन्हात झोपलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत गोधडी, नखसुद्धा बाहेर नाही. मी थांबले. गोधडी वरखाली होते आहे का ते नीट पाहिलं, दोनचार श्वास मोजले आणि मग पुढे निघाले. चार पावलं गेल्यावर माझं मलाच हसू आलं. बायको नवऱ्याचं काय काय उचलते! कुणी बोलण्याची ढब उचलतं, कुणी चहाची सवय. मी हे उचललं.

हिवाळा आला म्हणायचा. नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल जो तो बोलतो. बाहेरगावचे पाहुणे तर आमच्याकडे असे बघतात की आम्ही बारा महिने तव्यावर बसलेलो असतो. हिवाळ्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही, कारण त्या दिवसांत आम्ही बोलायला जागे कुठे असतो? सकाळची कामं उरकली, पोटात गरम भाकरी गेली, की आमचा अख्खा मोहल्ला ओसरीवर, ओट्यावर, जिथे ऊन सापडेल तिथे आडवा होतो. आणि झोपायचं कसं, तर तोंडावर पांघरूण ओढून. डोळ्यांवर ऊन नको, अंगावर हवं. लहानपणापासून मी असंच पाहत आले. उमरेडला माझ्या माहेरी असंच, इथे सासरीही असंच. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण एका हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात तोंडावर गोधडी घेऊन झोपायची सोय राहिली नाही. त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली.

त्या वर्षी दिवाळीनंतर हे घरी आले. 'हे' म्हणजे माझे यजमान. नाव घेत नाही, उखाणा घालायची ही जागा नव्हे. विणकराच्या घरातला मुलगा, पण लढाईच्या दिवसांत फौजेत भरती झाले आणि गाडी चालवायला शिकले. मग जखमींना उचलून इस्पितळात पोचवणारी गाडी त्यांच्याकडे आली. स्वातंत्र्य मिळालं, आम्ही इकडे पेढे वाटले, आणि ह्यांची गाडी तिकडे उत्तरेतल्या डोंगरात जखमी वाहत राहिली. परत आले तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी सगळीकडून पाहून घेतलं. फौजेतून सुटल्याच्या कागदावर इंग्रजीत काही लिहिलं होतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरला दाखवलं, तर तो म्हणाला, "काही नाही बाई, थकवा लिहिला आहे." मी म्हटलं, थकवा काय, आठ दिवस पोटभर जेवू घातलं की जाईल. केवढा माझा आत्मविश्वास! तेव्हा माझं वय एकवीस होतं.

पहिली गोधडी ओढली गेली ती गंगामायची. गंगामाय म्हणजे शेजारची म्हातारी. दिवसभर चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची आणि दुपारी आमच्या ओट्यावर झोपायची. हे बाहेरून आले, थबकले, वाकले आणि तिच्या तोंडावरची गोधडी खस्सकन ओढून बाजूला केली. म्हातारी किंचाळत उठली.

"काहून गा? काय करून राहिला? जित्ती आहो ना मी!"

हे तिच्याकडे नुसतं पाहत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं की गंगामायच्या तोंडातली पुढची शिवी तोंडातच राहिली. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातला पाहुणा. तिसऱ्या दिवशी मामाजी, म्हणजे माझे सासरे. आठवडाभरात गल्लीतल्या झाडून साऱ्या माणसांची तोंडं उघडी करून झाली. आधी लोक हसले, मग चिडले. "फौजेतून आला तं काय आमाले परेडीले उभं करतं का?" असं एकाने मला ऐकवलंच. मी त्याला उलट ऐकवलं, पण घरात येऊन रडले. लाज वाटली मला, खोटं कशाला सांगू?

लोकांना वाटायचं हा माणूस आवाजाला दचकत असेल. तोफा ऐकून आलेला. म्हणून काहीजण ह्यांच्याजवळ हळू बोलत. पण गंमत अशी की आवाजाचं ह्यांना काहीच नव्हतं. आमच्या गल्लीत वीसएक माग. सकाळपासून जी खटखट सुरू व्हायची त्यात बाहेरच्या माणसाचं डोकं उठावं. ह्यांना ती चालायची, आवडायचीसुद्धा. दुपारी माग थांबले, गल्ली गप्प झाली, की हे उठून उभे राहत. घरात एकेकाजवळ जाऊन पाहून येत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "जो ओरडून राहिला त्याची काळजी नाही. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी पाहा लागते." एवढंच. जसं मी शाळेत पाढे शिकवते तसं त्यांनी मला हे सांगितलं.

आणि घरात आमची सुमन, ह्यांच्या मागच्या सुटीनंतर झालेली, आठ महिन्यांची. तान्हं मूल झोपलं की ते गप्पच असणार ना हो! आईबाप त्यासाठी देव पाण्यात घालतात. पण ती झोपली की हे पाळण्याशी जाऊन उभे. श्वास पाहायचे, नाकाशी बोट धरायचे, तरी खात्री नाही. मग हळूच गालाला हात लावायचे. तेवढ्यानेही झालं नाही तर उचलायचे. ती जागी होऊन टाहो फोडायची आणि हे हसायचे. पोर रडते आहे आणि बाप हसतो आहे, हे दृश्य पाहून कुणीही काय समजावं? मी कधी ह्यांना समजावत होते, कधी कपाळाला हात लावत होते. एकदा तर मी त्यांच्या हातातून तिला हिसकावून घेतलं आणि नको ते बोलले. तेव्हा ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ते मला उलट एक शब्दही बोलले नाहीत याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मार्गशीर्षात माझे बाबा उमरेडहून छोट्या रुळांच्या आगगाडीने मला भेटायला आले. सकाळी ह्यांनी सुमनला दोनदा झोपेतून उठवलं, ते बाबांनी पाहिलं. दुपारी जेवण झालं, बाबांनी ओट्यावर अंग टाकलं आणि सवयीने तोंडावर पांघरूण घेतलं. माझ्या लक्षात आलं, मी सांगायला धावले, पण ह्यांचा हात आधी पोचला. पन्नाशी उलटलेला माणूस, मुलीच्या सासरी, भर गल्लीत, आणि जावई त्याचं पांघरूण ओढतो. बाबा उठले, त्यांनी धोतर सावरलं आणि मला आत बोलावलं.

"याचं डोकं ठिकाणावर नाही, पोरी. त्याचा काही दोष नसन, पण लेकराचं काय? मी संक्रांतीले येतो. तोवर सुधारलं तं ठीक, नाही तं तुले अन् पोरीले घेऊन जातो."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मामाजी दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. ते मुळातच कमी बोलणारे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी ह्यांना उठवलं आणि म्हणाले, "चाल, पांजणीले माणूस कमी आहे."

आता पांजणी म्हणजे काय ते सांगायला हवं. साडीसाठी लावलेलं सूत तसंच मागावर चढवलं तर ते तुटत राहतं. म्हणून त्याला खळ पाजतात. सकाळचं ऊन निघालं की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते सगळं सूत बांबूंच्या आधारावर ताणायचं. तांदळाची पातळ खळ लावायची आणि दोन बाजूंनी दोघांनी कुंचे मारत चालायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. खळ वाळेपर्यंत थांबता येत नाही. धागे एकमेकांना चिकटले तर सगळंच सूत वाया. चालता चालता तुटलेला धागा दिसला की दोन बोटांनी पीळ देऊन तिथल्या तिथे सांधायचा. ते चालू असलं की गल्लीतून गाडी नेता येत नाही, वरातीलासुद्धा वळसा घालावा लागतो. थंडीत हात खळीने गारठतात. तरी मला ते दिवस आवडायचे. ओल्या खळीचा वास, पायांची चाल आणि सुतावरून सरकणारं कोवळं ऊन.

मागावर बसणं ह्यांना जमेना. मागाचा खड्डा असतो, त्यात पाय सोडून बसावं लागतं. हे बसायचे आणि लगेच पाय वर घ्यायचे. पण पांजणीला उभे राहिले आणि त्यांना जमलं. नुसतं जमलं नाही, मामाजींच्या डोळ्यांना न दिसणारा तुटका धागा ह्यांना तीन हातांवरून दिसायचा. एकही सोडायचे नाहीत. पंधरा दिवसांत लोक बोलवायला यायला लागले. ज्याने परेडीचा टोमणा मारला होता तोच दारात येऊन म्हणाला, "भाऊ, उद्या आमच्याकडे येता का?" मी आतून ऐकलं आणि मुद्दाम त्याच्यासाठी चहा टाकला. साखर जरा कमीच घातली.

लेखकाने लिहिलेली गोष्ट असती तर इथे ती संपली असती. तुटके धागे सांधता सांधता माणूस सांधला गेला वगैरे. तसं काही झालं नाही. सकाळी ते सूत सांधायचे आणि दुपारी लोकांची पांघरुणं ओढायचे. फरक एवढाच पडला की गल्लीला सवय झाली. गंगामायने तर युक्ती काढली. ती झोपताना एक पाय बाहेर ठेवायची आणि ह्यांची पावलं वाजली की अंगठा हलवायची. "पाहून घे रे बाप्पा, हालते का नाही!" मग बाकीचेही चेहरा उघडा ठेवून झोपू लागले. ऊन लागतं म्हणून कुणी डोळ्यांवर हात घेई, पण गोधडी हनुवटीपर्यंतच. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या मोहल्ल्याची माणसं फाटक्या तोंडाची, पण अशी आहेत. मला आजही त्यांचं कौतुक वाटतं.

का ओढता, हे मी अनेकदा विचारलं होतं. उत्तर मिळालं ते एका सकाळी खळ शिजवताना. मी ढवळत होते, हे चुलीत काटक्या सारत होते. माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

डोंगरातला रस्ता. कडाक्याची थंडी. जखमी रस्त्याच्या कडेला ओळीने निजवलेले. ह्यांच्या गाडीत चार जणांची जागा. जो गेला त्याच्या तोंडावर कांबळं ओढून ठेवायचं, म्हणजे गाडीवाल्यांचा वेळ जाऊ नये, असा तिथला शिरस्ता. ह्यांनी उघड्या तोंडाचे चौघे उचलले आणि गाडी नेली. पाचव्याच्या तोंडावर कांबळं होतं. काही तासांनी परत आले. पाचवा गेलेला होता.

"पण त्यानं पाय पोटाशी घेतले होते," हे म्हणाले. "मी गेलो तवा तो सरळ होता. मेलेला माणूस पाय पोटाशी घेत नाही."

त्याला थंडी वाजत होती. त्याने आपल्याच हाताने कांबळं तोंडावर ओढून घेतलं होतं.

माझ्या हातातला चाटू थांबला आणि खळ लागली. मी घाईने म्हटलं, "तुमचा काय दोष त्यात?" हे म्हणाले, "डाक्टरबी हेच म्हणे." आणि उठून गेले. त्या वेळी मला वाटलं, आपण बरोबर बोललो. आज वाटतं, मी त्यांचं तोंड बंद केलं. शाळेत रोज मुलांना सांगते, समोरच्याचं पुरतं ऐकून घ्या. स्वतः कधी घेतलं?

संक्रांत आली. बाबा सकाळच्या गाडीने आले. मी तिळाचे लाडू वळत होते. आत गेले तर पाहते काय, माझी पत्र्याची पेटी उघडी आणि हे सुमनची झबली घड्या घालून तिच्यात ठेवत होते. फौजेत शिकवलेल्या घड्या, चारी कोपरे सारखे. माझं लुगडं आधीच ठेवून झालं होतं.

"हे काय?"

"तिथं पोरीले झोप मिळन," हे म्हणाले. "मले राहवत नाही. मी उठवतोच तिले."

बाहेर बाबा मामाजींच्या शेजारी खाटेवर बसले होते. हे पेटी घेऊन बाहेर आले आणि बाबांच्या पायाशी ठेवली. बाबांनी विचारलं, "जावईबापू, तुम्हीच सांगा. नेऊ का ठेवू?"

"न्या," हे म्हणाले.

मामाजी खाली पाहत होते. बाबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "चाल पोरी, दुपारची गाडी सापडन."

माझ्या हाताला गूळ चिकटलेला होता. मला इतका राग आला की काय सांगू! कुणी मला विचारलंच नव्हतं. मी हुशार सून होते, मोठ्यांसमोर आवाज चढवत नसे, पण त्या दिवशी चढवला.

"बाबा, यायनं एक माणूस रस्त्यावर सोडून गाडी नेली, म्हणून वर्ष झालं हे झोपले नाहीत. आता मी यायले इथं सोडून गाडीत बसू? अन् उमरेडले जाऊन मले झोप येईन का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. ती गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली होती. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हे उठून जातील आणि परत माझ्याशी कधी काही बोलणार नाहीत.

मामाजींनी वर पाहिलं. "कोणता माणूस गा?"

मग ह्यांनी सांगितलं. मागे चुलीपाशी मला सांगितलं होतं तेवढंच, पण थांबत थांबत. बाबा ऐकत होते, दारात गंगामाय येऊन उभी होती. सांगून झाल्यावर हे म्हणाले, "मी कांबळं बाजूले करून पाहाले पाहिजे होतं, बा."

मी तोंड उघडलंच होतं, तुमचा काय दोष म्हणायला. पण मामाजी माझ्याआधी बोलले.

"हाव," ते म्हणाले. "पाहाले पाहिजे होतं."

असं कुणी बोलतं का? पण मामाजी उभ्या जन्मात कुणाचं मन राखायला खोटं बोलले नव्हते. विणीत खोट असली तर गांधीबागेतल्या दुकानदाराला ते स्वतः बोट ठेवून दाखवायचे. तसंच त्यांनी आता केलं. मग ते खाटेवरून उठले, ह्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"तू थकला होता, तुले नाही दिसलं. चूक झाली. पण तू एकटा काहून घेऊन बसला गा? मी बाप आहो ना तुया. पहिल्याच दिवशी सांगाचं होतं मले."

हे खाली बसले. बापाच्या गुडघ्याला कपाळ लावून मोठ्याने रडले, अगदी आमच्या सुमनसारखे. घरी आल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. गंगामाय दारातून निघून गेली आणि जाताना तिने बाहेर जमलेल्या बायकांना हाकललं. बाबांनी पायाशी ठेवलेली पेटी उचलली, आत नेऊन ठेवली आणि मला म्हणाले, "चहा टाक वं."

त्यानंतर सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. आजही हे एखाद्या दुपारी उठतात आणि गल्लीत एक फेरी मारून येतात. माग कमी झाले, गिरणीचं कापड आलं, तरी पांजणीसाठी अजून ह्यांना बोलावणं येतं. मी शाळेत शिकवते. सुमन आता पाचवीत आहे आणि घोरते. घोरणारी मुलगी ह्यांच्या वाट्याला यावी हा देवाचा केवढा चांगुलपणा! आमचं बरं चाललं आहे. तक्रार करायला जागा आहे, पण तक्रार करत नाही.

मला आठवते ती त्या संक्रांतीची दुपार. सगळे जेवले. माग बंद होते, सणाचा दिवस, गल्ली एकदम गप्प. हे ओट्यावर उन्हात आडवे झाले आणि बघता बघता झोपले. सुमन रडली, ह्यांना जाग आली नाही. बाबांची दुपारची गाडी त्यांना न घेताच निघून गेली, ऊन ओट्यावरून उतरलं, समोरच्या घरी दिवा लागला, तरी हे हलले नाहीत. बाबा दोनदा काळजीने उठून जवळ गेले आणि दोन्ही वेळा मी त्यांचा हात धरून त्यांना मागे आणलं.

"उठवू नका," मी म्हटलं. "फार दिवसांची झोप आहे."